किमान देय रक्कम: क्रेडिट कार्डाचं न वाचलेलं गणित

मागच्या भागात आपण अडीनडीसाठी बाजूला ठेवायच्या पैशांबद्दल बोललो. त्यावर सगळ्यात जास्त आलेली प्रतिक्रिया अशी होती: "वेगळी पुंजी कशाला ठेवायची? क्रेडिट कार्ड आहे की!" पुण्याहून हे आलं, बेळगावहून आलं, इंदूरहून आलं. मी चेन्नईत वेलचेरीला राहतो, तिथे तर समोरासमोर ऐकलं. म्हणून आजचा भाग फक्त क्रेडिट कार्डाचा.

वेलचेरी हे या विषयासाठी अगदी योग्य ठिकाण आहे. इथून तरमणी, पेरुंगुडी आणि ओएमआरवरच्या कंपन्या जवळ. त्यामुळे सांगली, लातूर, अमरावतीकडून पहिल्या नोकरीसाठी आलेली मुलं-मुली इथल्या पीजीत राहतात. पहिला पगार खात्यात जमा होतो आणि पाठोपाठ फोन येतो, "सर, तुम्हाला आजीवन मोफत कार्ड मंजूर झालंय." घरात आधी कोणी कार्ड वापरलेलं नसतं. वडिलांचा सल्ला एवढाच, की कर्ज काढू नकोस. आणि ही मुलं खरोखर समजतात की कार्ड म्हणजे कर्ज नव्हे.

आधीच सांगतो, मी कार्डाच्या विरोधात नाही. मी स्वतः वापरतो. पण ते नेमकं काय आहे, हे समजून वापरायला हवं.

एका कार्डात दोन वस्तू

क्रेडिट कार्ड दिसायला एक असलं तरी त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली वस्तू म्हणजे पैसे देण्याची सोय. तुम्ही आज खरेदी करता, बँक दुकानदाराला पैसे देते, आणि तुम्ही ते ठरलेल्या तारखेला बँकेला देता. मधल्या काळाचं व्याज शून्य.

समजा तुमच्या बिलाची तारीख दर महिन्याची ५ आहे आणि पैसे भरायची शेवटची तारीख २५. तुम्ही ६ जूनला काही घेतलंत, तर ते ५ जुलैच्या बिलात येईल आणि २५ जुलैला भरायचं. म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. तीच वस्तू ४ जूनला घेतलीत, तर ती ५ जूनच्या बिलात येईल आणि २५ जूनला भरावी लागेल. फक्त २१ दिवस. "पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी" या जाहिरातीतला "पर्यंत" हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा.

ही पहिली वस्तू उत्तम आहे. बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याला ती जवळपास फुकट मिळते, शिवाय परतफेडीची नोंद चांगली राहते, आणि पुढे गृहकर्ज घेताना त्याचा उपयोग होतो.

दुसरी वस्तू आहे कर्ज. बिलातला एक रुपया जरी बाकी ठेवलात, तरी कार्ड पहिल्या वस्तूतून दुसऱ्या वस्तूत शिरतं. बिनव्याजी मुदत संपते. व्याज देय तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. आणि जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासून व्याज. ही गोष्ट कार्डाबरोबर आलेल्या नियमांच्या कागदात लिहिलेली असते. तो कागद कोणी उघडत नाही.

बिलावरची दुसरी रक्कम

तुमचं बिल काढून पाहा. त्यावर दोन रकमा ठळक असतात. एक "एकूण देय रक्कम" आणि दुसरी "किमान देय रक्कम". किमान रक्कम बऱ्याचदा एकूण रकमेच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. ४०,००० चं बिल असेल तर २,०००. महिन्याच्या शेवटी खिशात पैसे नसले की हा आकडा देवासारखा धावून आल्यासारखा वाटतो. "एवढे भरले की झालं," असं मनाशी म्हणून माणूस निर्धास्त होतो.

काय होतं ते पाहू. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. वर्षाचे झाले ४२ टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे प्रत्यक्षात महिन्याला ४.१३ टक्के, वर्षाला सुमारे साडेएकोणपन्नास टक्के.

तुम्ही ४०,००० पैकी २,००० भरले. राहिले ३८,०००. त्यावर महिनाभराचं व्याज १,३३० आणि जीएसटी सुमारे २३९. पुढचं बिल येईल ३९,५६९ चं. दोन हजार भरून कर्ज कमी झालं ४३१ रुपयांनी. पहिल्या महिन्यात खरेदीच्या तारखेपासूनचं व्याज धरलं तर याहूनही कमी.

आता असं समजा की तुम्ही कार्ड कपाटात ठेवलंत, एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, आणि दर महिन्याला इमानदारीने किमान ५ टक्के भरत राहिलात. मी हे गणित पूर्ण करून पाहिलं. ३० महिन्यांत, म्हणजे अडीच वर्षांत, तुम्ही भरलेलं व्याज आणि कर मिळून मूळ ४०,००० एवढे होतात. आणि तरीही सुमारे २९,००० बाकी असतात. कर्ज निम्मं व्हायला ६४ महिने लागतात, पाच वर्षांहून जास्त. तोवर तुमच्या खिशातून सुमारे ९३,००० गेलेले असतात आणि २०,००० द्यायचे उरलेले असतात.

लक्षात घ्या, या माणसाने एकही हप्ता चुकवलेला नाही. बँकेच्या दप्तरी तो चांगला ग्राहक आहे. त्याला वसुलीचा फोन येत नाही, उलट कार्डाची मर्यादा वाढवून मिळते. कार्डाचं कर्ज इतका काळ दिसत नाही ते यामुळेच. घरमालकाचं भाडं थकलं की चार लोकांना कळतं. किमान रक्कम भरणाऱ्याचं बुडणं त्याच्याशिवाय कोणालाच दिसत नाही, आणि बऱ्याचदा त्यालाही दिसत नाही.

विजयनगरच्या बस स्टँडजवळचा एक हिशेब

हे कागदावरचं झालं. आता एक प्रत्यक्षातलं सांगतो. ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

मराठवाड्यातला एक मुलगा, वेलचेरीत विजयनगर बस स्टँडच्या मागे पीजीत राहणारा. हातात पगार ३८,०००. पीजी आणि जेवण ११,०००, घरी पाठवायचे १०,०००. त्याच्याकडे तीन कार्डं होती. बाकी होती ६२,०००, ४८,००० आणि ३५,०००. एकूण १,४५,०००. चैन केली म्हणाल, तर एक फोन आणि मित्रांबरोबर पाँडिचेरीची एक सहल. उरलेलं सगळं बहिणीच्या लग्नातली खरेदी, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि गेल्या दीड वर्षाचं व्याज.

तिन्ही कार्डांची किमान रक्कम मिळून तो महिन्याला ७,२५० रुपये भरत होता. मी त्याला वहीवर लिहून दाखवलं. १,४५,००० वर एका महिन्याचं व्याज आणि कर जवळपास ६,०००. म्हणजे सव्वासात हजारांतले सव्वा हजार कर्जात जात होते. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "दादा, मी तर कधीच चुकवलं नाही."

आम्ही दुसरं गणित केलं. तेवढंच कर्ज पगार जमा होतो त्या बँकेतून वैयक्तिक कर्ज म्हणून १६ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता किती? सुमारे ७,१००. तो आधीच भरत होता त्याहून कमी! दोन वर्षांचं एकूण व्याज साधारण २५,४००, वर थोडं प्रक्रिया शुल्क. आणि चोविसाव्या महिन्यात कर्ज शून्य.

त्याने हप्ते चुकवले नव्हते म्हणून ते कर्ज मिळालं. तिन्ही कार्डांची बाकी त्याने एकाच दिवशी फेडली, दोन कार्डं लेखी कळवून बंद केली, आणि एक ठेवलं, त्याची मर्यादा कमी करून घेतली. हे शेवटचं पाऊल फार गरजेचं. कर्ज काढून कार्ड मोकळं केलं आणि कार्ड तसंच हातात राहिलं, तर सहा महिन्यांत कर्जाचा हप्ताही चालू आणि कार्डही पुन्हा भरलेलं, अशी गत होते.

त्याला सगळ्यात जड गेलं ते घरी सांगणं. वडिलांनी विचारलं, "व्याज किती?" त्याने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या गावच्या सावकाराकडंबी एवढं नाही." ही तुलना आपण जरा नीट पाहू या, कारण त्यात कायद्याचा मोठा धडा आहे.

कंदुवट्टी, दामदुपट आणि बेचाळीस टक्के

तमिळनाडूत राहिलात की "कंदुवट्टी" हा शब्द कानावर पडतोच. वट्टी म्हणजे व्याज, आणि कंदुवट्टी म्हणजे पिळून काढणारं खासगी सावकारी व्याज. त्याचे प्रकारही किती! "मीटर वट्टी" रिक्षाच्या मीटरसारखी धावते. "तंडल"ची वसुली रोजच्या रोज. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने अवाजवी व्याजाला बंदी घालणारा कायदा केला, त्यात रोजाचं व्याज, तासाचं व्याज, कंदुवट्टी, मीटर वट्टी, तंडल ही सगळी नावं घेऊन बंदी आहे. कायदा झाला तरी जाच संपला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिरुनेलवेलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात एका मजूर जोडप्याने दोन लहान मुलींसह पेटवून घेतलं. चौघेही गेले. कारण कंदुवट्टी.

आपल्याकडे महाराष्ट्रात हा इतिहास आणखी जुना. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, सारा मात्र वाढला, आणि सावकाराने हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात दंगा पेटला आणि पुणे-नगर भागात पसरला. त्या दंग्यात लोकांनी मुख्यतः सावकाराची खतं आणि रोखे जाळले. त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय, हे अंगठा उठवणाऱ्याला माहीत नसायचं. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायालयाला रोख्यामागे जाऊन खरा व्यवहार तपासायचा अधिकार दिला.

त्याच्याही आधीपासून आपल्याकडे "दामदुपट" हा नियम होता. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभराचे जास्तीत जास्त दोनशे. हिंदू धर्मशास्त्रातला हा नियम इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली न्यायालयं मानत होती. गंमत म्हणजे मी राहतो त्या मद्रास इलाख्यातल्या न्यायालयांनी तो लावला नाही.

मग आज कार्डाच्या ४२ टक्क्यांना हे कायदे का लागू होत नाहीत? कारण सावकारी कायदे सावकारांसाठी आहेत. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदाही बँकेच्या कर्जाला लागू नाही. बँका येतात रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत. १९८४ पासून बँकिंग नियमन कायद्यात कलम २१-अ आहे. ते सांगतं की बँकेने लावलेलं व्याज जास्त आहे एवढ्याच कारणाने न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये.

२००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एक धाडसी निकाल दिला होता. "आवाज" या ग्राहक संस्थेच्या तक्रारीवर आयोग म्हणाला, कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, आयोगाचा नाही, आणि कार्डधारकाला अटी माहीत असतात, असा त्याचा आशय. म्हणजे आज भारतात कार्डाच्या व्याजाला आयोगाने घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा उरलेली नाही. "अटी माहीत असतात" हे वाक्य मात्र लक्षात ठेवा. कायदा तुम्हाला वाचलेला, समजलेला ग्राहक समजतो. मोबाइलवर "मान्य आहे" दाबणं म्हणजे आजचा अंगठा आहे.

आता बँकेची बाजूही सांगायला हवी. कार्डाच्या कर्जाला तारण नसतं. ते बुडालं तर बँकेच्या हाती सोनं लागत नाही, घर लागत नाही. म्हणून दर चढा असतो. कार्ड चालवणाऱ्यांच्या माणसांना मारहाण करायची मुभा नाही, कंदुवट्टीवाल्यासारखं ते दारात येऊन बसू शकत नाहीत. हा फरक मोठा आहे. पण दर काय आहे, हे मात्र ग्राहकालाच पाहावं लागतं.

कोरिया आणि ब्राझीलने काय पाहिलं

कर्ज अचानक सोपं झालं की काय होतं, हे फक्त आपलंच दुखणं नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथल्या सरकारला लोकांचा खर्च वाढवायचा होता आणि दुकानदारांची करचुकवेगिरीही थांबवायची होती. म्हणून कार्डाने खर्च केला तर प्राप्तिकरात सवलत दिली, कार्डाच्या पावत्यांची सोडत काढली, आणि १९९९ मध्ये कार्डावरून रोख उचलण्याची मर्यादा काढून टाकली. पावणेपाच कोटींच्या देशात २००२ पर्यंत कार्डं झाली दहा कोटींवर. लोक एका कार्डातून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरू लागले. २००३ मध्ये फुगा फुटला. एलजी कार्ड ही तिथली मोठी कंपनी बुडायच्या बेतात आली आणि बँकांनी मिळून तिला वाचवलं. थकबाकीदारांची संख्या ३५ लाखांच्या वर गेली होती. कंपनीला वाचवायला बँका धावल्या, थकबाकीदाराला मात्र पुढची कित्येक वर्षं ना नीट कर्ज मिळालं ना पत.

ब्राझीलमध्ये कार्डाच्या थकबाकीवरचं व्याज वर्षाला ४०० टक्क्यांच्याही वर गेलं होतं. तिथल्या संसदेने २०२३ मध्ये कायदा केला. जानेवारी २०२४ पासून एखाद्या थकबाकीवरचं एकूण व्याज आणि शुल्क मिळून मूळ रकमेच्या १०० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ओळखीचं वाटतं ना? आपल्या पणजोबांचं दामदुपटच ते! किंबहुना थोडं जास्त कडक. दामदुपटात फक्त थकलेलं व्याज धरत, महिन्याच्या महिन्याला भरलेलं नाही. त्यामुळे किमान रक्कम भरणाऱ्याला जुन्या दामदुपटानेही वाचवलं नसतं.

भारतात सगळ्या कार्डांचा मिळून महिन्याचा खर्च ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्यांदा एक लाख कोटी रुपयांवर गेला. २०२४ मध्ये चलनात असलेल्या कार्डांची संख्या १० कोटींवर पोहोचली. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा विनातारण कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. थोडक्यात, ब्रेकवर पाय ठेवला. कोरियासारखी वेळ आपल्यावर आलेली नाही. पण पहिला पगार घेणाऱ्या एका मुलाच्या घरात ती यायला देशात यावी लागत नाही.

आणखी तीन फसवे रस्ते

*कार्डाने एटीएममधून रोख काढणं.* इथे बिनव्याजी दिवस एकही मिळत नाही. १०,००० काढले, तर बऱ्याच बँकांत किमान शुल्क ५०० असतं, त्यावर जीएसटी ९०. महिन्याचं व्याज ३५०, त्यावर जीएसटी ६३. म्हणजे दहा हजार रुपये महिनाभर वापरायचे एक हजार. कंदुवट्टीशी तुलना करायची असेल तर ती इथे करा.

*कार्ड घासून रोख देणारी दुकानं.* मुंबईत, नागपुरात आणि चेन्नईतही काही दुकानदार मशिनवर खोटी विक्री दाखवून अडीच-तीन टक्के कापून रोख देतात. त्यातून मागचं बिल भरायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ५०,००० वर अडीच टक्के म्हणजे महिन्याला १,२५०, वर्षाला १५,०००, आणि मुद्दल जागच्या जागी. शिवाय ही खोटी विक्री आहे. बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होतं.

*"नो कॉस्ट" हप्ते.* २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर हरकत घेतली होती, कारण व्याज दुसऱ्या नावाने ग्राहकाकडूनच घेतलं जात होतं. आता दुकान व्याजाएवढी सूट आधी देतं आणि बँक व्याज लावते. ३०,००० चा फोन सहा हप्त्यांत घेतला आणि व्याज १५ टक्क्यांनी धरलं तर ते सुमारे १,२७० होतं. ते सुटीत वळतं झालं तरी त्यावरचा जीएसटी सुमारे २२९ तुमचाच. २०० रुपये प्रक्रिया शुल्क असेल तर करासह २३६. "फुकटा"ची किंमत झाली ४६५. रक्कम मोठी नाही, पण शून्यही नाही. आणि एकरकमी घेणाऱ्याला मिळणारी सूट गेली ती वेगळीच.

तुमचे हक्क

रिझर्व्ह बँकेचे कार्डांबाबतचे नियम एप्रिल २०२२ मध्ये आले. व्याजाचा दर त्यांनी बांधला नाही, पण वागणुकीला मर्यादा घातल्या. त्या माहीत असू द्या.

- तुम्ही न मागता कार्ड पाठवून शुल्क लावलं, तर ते परत करावं लागतं आणि वर त्याच्या दुप्पट दंड द्यावा लागतो.
- काही बाकी नसताना कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवं. नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला.
- उशिराचं शुल्क फक्त उरलेल्या बाकीवर, पूर्ण बिलावर नाही.
- न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही.
- तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादेबाहेर खर्च होऊ देऊन त्याचं शुल्क घेता येत नाही.
- वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. नातेवाइकांना धमकावणं तर अजिबात नाही.

तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला पैसे लागत नाहीत. कार्डाचा कोणी गैरवापर केला, तर आधी कार्ड बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर फोन लावा. उशीर जितका, तितकी तुमची जबाबदारी वाढते. आणि कोणत्याही कारणाने ओटीपी सांगू नका. मर्यादा वाढवून देतो म्हणणाऱ्यालाही नाही.

मग करायचं काय?

एक, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खात्यातून आपोआप पैसे भरण्याची सोय चालू करा. मात्र तिथे "एकूण रक्कम" निवडा. बरीच मुलं नकळत "किमान रक्कम" निवडतात आणि वर्षभराने चकित होतात.

दोन, बँकेने दोन लाखांची मर्यादा दिली म्हणून तुमची ऐपत दोन लाखांची होत नाही. महिन्याच्या पगारातून खर्च वजा जाता जे उरतं, त्याच्या आत मर्यादा स्वतः कमी करून घ्या. ॲपमध्ये ते करता येतं.

तीन, बाकी अडकलीच असेल तर आजपासून कार्डावरची खरेदी थांबवा. मग स्वस्त कर्जाकडे वळा. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज, नाहीतर वैयक्तिक कर्ज, नाहीतर मुदत ठेव मोडा. सहा-सात टक्के देणारी ठेव सांभाळत एकोणपन्नास टक्क्यांचं कर्ज वागवणं हा तोट्याचाच व्यवहार. तेही जमत नसेल तर बँकेला थकबाकीचे ठरावीक हप्ते पाडून मागा. "सेटलमेंट" हा शेवटचा उपाय. त्यात थोडे पैसे सुटतात, पण सिबिलच्या नोंदीत तो शेरा राहतो आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी आडवा येतो.

चार, घरच्यांना सांगा. कार्डाचं कर्ज गुपचूप वाढतं. आई-वडिलांना वाटणारी काळजी चार दिवसांची, आणि न सांगता चढलेलं व्याज चार वर्षांचं.

आणि आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. कार्ड असताना वेगळी पुंजी कशाला? डिसेंबर २०१५ च्या पुरात वेलचेरी पाण्यात होती. वीज गेलेली, मोबाइलचं नेटवर्क गेलेलं. त्या दिवसांत दुकानातलं कार्डाचं मशिन चालत नव्हतं, घरातली रोकड चालत होती. ती टोकाची वेळ झाली. पण नोकरी जाणं, आजारपण येणं या नेहमीच्या वेळा आहेत, आणि त्या वेळी कार्ड तुम्हाला पैसे देत नाही, साडेएकोणपन्नास टक्क्यांनी उसने देतं. नेमकं उत्पन्न थांबलेलं असताना.

कायद्याने दामदुपट आज तुमच्यासाठी ठेवलेलं नाही. ते तुम्हालाच ठेवावं लागेल. आज रात्री बिल उघडा, "किमान देय रक्कम" या ओळीवर काट मारा, आणि वरची ओळ वाचा. तेवढे पैसे खात्यात असतील तर कार्ड तुमचं आहे. नसतील, तर पुढची खरेदी करण्याआधी वर सांगितलेला हिशेब एकदा स्वतःच्या आकड्यांनी करून बघा.